अळणीचं पाणी आजाऱ्याला, मग फोडी कुणाला?



दिवाळी सरली की बालाघाटाच्या माथ्यावर गारठा उतरतो. धाराशिव, कळंब, वाशी, भूम या पट्ट्यात संध्याकाळची हवा बोचायला लागते आणि घरोघरी लेकरांची नाकं वाहायला लागतात. त्या दिवसांत आयाबाया हटकून एकच गोष्ट विचारतात, "ताई, लेकराला सूप कोणतं द्यावं?" विचारणारीच्या डोक्यात बहुतेक वेळा किराणा दुकानातलं पाकीट असतं. गरम पाण्यात पूड टाकली की झालं सूप. किंवा मग दोन मिनिटांच्या नूडल्स. दिवसभर शेतात, शाळेत, दवाखान्यात नाहीतर दुसऱ्याच्या घरी राबून सातला घरी येणाऱ्या बाईला पाकीट सोपं वाटतं, यात तिचा दोष नाही.

पण सूप ही काही हॉटेलातून आलेली वस्तू नाही. आपल्या चुलीवर ते पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलंय, फक्त त्याला आपण अळणी म्हणतो. कोंबडीचं किंवा मटणाचं कालवण करताना चटणी-मसाला पडायच्या आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं जे पिवळसर पाणी निघतं, ते. लेकरांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आधी वाटीभर काढून द्यायचं आणि मग उरलेल्याला तिखटाची फोडणी घालायची, ही पद्धत आपल्याकडच्या कोणत्याही आजीला विचारा, ती सांगेल. त्याच अळणीत उन्हाळ्यात करून ठेवलेल्या गव्हाच्या शेवया सोडल्या की जगभर ज्याला चिकन नूडल सूप म्हणतात तेच तयार होतं. अर्ध्या-पाऊण तासात, आठवड्यातल्या कोणत्याही रात्री.

कृती सांगतेच, पण त्याआधी एक चूक सांगायची आहे. ती आपल्या घराघरांत होते, आणि मायेपोटी होते.

ओळखीच्या एका घरी गेल्या हिवाळ्यात म्हातारी आजी निमोनियातून उठली होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. मुलगा मजुरी करणारा, पण आईसाठी दर बुधवारी अर्धा किलो कोंबडी आणायचा. मी विचारलं, आजी काय खातात? सून म्हणाली, "रोज वाटीभर अळणी देतो की. ताकदीचं सगळं पाण्यात उतरतं ना!" फोडी? त्या लेकरांना आणि कामावर जाणाऱ्यांना. आजी स्वतःच म्हणायची, दात नाहीत, मला पाणीच बरं. असा दीड महिना गेला होता. ज्या माणसासाठी कोंबडी येत होती, त्याच्या वाट्याला कोंबडीतलं सगळ्यात कमी येत होतं.

ताकद पाण्यात उतरते हा समज फार जुना आहे आणि फार पक्का आहे. खरं काय होतं ते पाहू. कोंबडीचं मांस शिजलं की त्यातली थोडी चरबी, मीठ, चव देणारे काही घटक आणि हाडा-कातड्यातला चिकट पदार्थ पाण्यात येतो. या चिकट पदार्थाला जिलेटिन म्हणतात. पायांचं किंवा भरपूर हाडांचं पाणी फ्रिजमध्ये ठेवलं की दह्यासारखं थिजतं, ते त्याच्यामुळे. जिलेटिन हेही प्रथिनच, पण अपुरं. शरीराला बाहेरूनच घ्यावा लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा घटक त्यात नसतो, त्यामुळे झिजलेलं अंग एकट्या जिलेटिनवर भरून येत नाही. अंग भरायला लागणारं चांगलं प्रथिन फोडीतच राहतं. कच्च्या, बिनहाडाच्या १०० ग्रॅम मांसात ते साधारण २० ग्रॅम असतं. वाटीभर पातळ अळणीत त्याच्या मानानं अगदीच थोडं. हाडांच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं हेही असंच एक ऐकीव. हाडातलं कॅल्शियम सहजासहजी पाण्यात सुटत नाही. ते दूध, दही, तीळ, नाचणी आणि शेवग्याच्या पाल्यातून घ्यावं.

मग अळणी फुकटच का? तसं अजिबात नाही. तापात पोटात पाणी आणि मीठ जायला हवं, तोंडाची चव गेलेली असते, आणि गरम अळणी माणूस आवडीनं पितो. सर्दीत तर तिचा गुण तपासूनही पाहिलाय. १९७८ मध्ये अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी गरम पाणी, थंड पाणी आणि कोंबडीचं गरम सूप असं लोकांना प्यायला देऊन नाकातला शेंबूड किती वेगानं पुढे सरकतो ते मोजलं. सूपानं तो जास्त वेगानं सरकला, म्हणजे नाक मोकळं व्हायला मदत झाली. परिणाम मात्र थोडा वेळच टिकला. पुढे २००० मध्ये नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी घरच्या कृतीचं सूप प्रयोगशाळेत नेलं. सर्दीत घसा-नाक सुजवायला धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल सूपामुळे मंदावते, असं त्यांना दिसलं. पण तो प्रयोग काचेच्या भांड्यातला, आजारी माणसावरचा नाही. तेव्हा गरम अळणीनं बरं वाटतं हे खरं, अळणीनं सर्दी मरते असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि एक गोष्ट सुपाच्या भरवशावर सोडू नका. लेकराचा श्वास मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या लेकराचा ४० किंवा जास्त चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा बाळ प्यायचंच बंद झालं असेल, तर भांडं चुलीवर राहू द्या आणि आधी दवाखाना गाठा.

आता कृती. पाच माणसांच्या घरासाठी हाडासकट अर्धा किलो ब्रॉयलर कोंबडी घ्या. गावरान कोंबडी चवीला उजवी हे मलाही मान्य आहे, पण ती शिजायला वेळ घेते. ती रविवारसाठी ठेवा. कामाच्या दिवशी ब्रॉयलरच सोयीची. दुकानदाराला फोडी लहान करायला सांगा आणि काळीज-पेटी टाकू देऊ नका, मागून घ्या. त्याबद्दल पुढे सांगते.

घरी आल्या आल्या एका शेगडीवर सहा पेले पाणी तापायला ठेवा. फोडी पातेल्यात घेऊन हलक्या हातानं धुवा. नळाच्या धारेखाली धरून धुऊ नका, कारण कच्च्या कोंबडीचं पाणी शिंतोड्यांनी ओट्यावर, कोथिंबिरीवर, लेकराच्या पेल्यावर उडतं आणि जुलाब तिथूनच लागतात. हात, विळी आणि पातेलं साबणानं धुऊनच बाकीच्या भाजीला हात लावा.

कुकरमध्ये चमचाभर तेल घाला. आपल्याकडचं करडईचं असेल तर फारच छान. जिरं तडतडलं की एक कांदा, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं परता. अर्धा चमचा हळद टाका आणि फोडी घालून तीन-चार मिनिटं हलवा. फोडींचा गुलाबी रंग जाऊन त्या पांढुरक्या झाल्या की तापलेलं पाणी ओता. पाणी गरमच घालायचं, म्हणजे उकळी लगेच येते आणि दहा मिनिटं वाचतात. उकळीबरोबर वर येणारा फेस चमच्यानं काढून टाका. तो विषारी वगैरे नसतो, पण काढला की अळणी नितळ होते. एखादं गाजर चिरून टाका. मीठ सपाट दीड चमचा, त्याहून जास्त नको. झाकण लावून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. गावरान असेल तर सहा-सात शिट्ट्या लागतात, जुनी कोंबडी असेल तर त्याहूनही जास्त.

कुकर शिट्ट्या देतोय तोवर तव्यावर थोड्या तेलावर किंवा तुपावर शेवया भाजून घ्या. चार मुठी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. बदामी रंग आला की उतरवा. न भाजता टाकल्या तर अळणीचा चिकट गोळा होतो. हा धडा मी स्वतः एकदा आख्खं भांडं बिघडवून शिकले आहे.

कुकर उघडला की घराचे दोन भाग पडतात. लेकरं, म्हातारी माणसं, आजारी माणूस एकीकडे, आणि "तिखटाशिवाय घास उतरत नाही" म्हणणारे दुसरीकडे. म्हणून निम्मी अळणी आणि निम्म्या फोडी दुसऱ्या भांड्यात काढा. एका भांड्यात भाजलेल्या शेवया सोडून चार-पाच मिनिटं उकळा, शेवटच्या मिनिटाला मूठभर शेवग्याचा कोवळा पाला किंवा पालक टाका, गॅस बंद करून मिरपूड, कोथिंबीर आणि लिंबू पिळा. दुसऱ्या भांड्यात चमचाभर चटणी आणि येसूर पाण्यात कालवून घाला, उकळी आली की भाकरीबरोबर खायला रस्सा तयार. एकदाच कुकर लावला, दोन्ही जेवणं झाली. चार जणांची चार तोंडं सांभाळता सांभाळता बाई थकते, म्हणून ही युक्ती मुद्दाम सांगितली. शेवया जितक्या लागतील तितक्याच सोडा, कारण सकाळपर्यंत त्या सगळं पाणी पिऊन फुगतात.

शेवया नसतील तर वळवटातलं दुसरं काहीही चालेल. बोटवे, मालत्या, गव्हले. उन्हाळ्यात चार घरच्या बायका जमून जे करून ठेवतात ते फक्त खिरीसाठीच असतं असं कुणी सांगितलं? काहीच नसेल तर शिळी भाकर कुस्करून टाका. पाकिटातल्या नूडल्सच टाकायच्या असतील तर एक करा, सोबतची मसाल्याची पुडी टाकू नका. पाकिटाच्या मागे सोडियम किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. ७० ग्रॅमच्या एका पाकिटात साधारण दोन ग्रॅम मीठ निघतं. मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकरांना त्याहूनही कमी पुरतं. वर सांगितलेल्या आपल्या अळणीत माणशी दीड ग्रॅम पडतं.

आता वाटणीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथेच आहे. अर्धा किलो हाडासकट कोंबडीत खाण्यासारखं मांस साधारण सव्वातीनशे ग्रॅम भरतं. त्यातलं प्रथिन ६५ ग्रॅमच्या आसपास. पाच जणांत सारखं वाटलं तर प्रत्येकाला १३ ग्रॅम. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४० ग्रॅमच्या थोडं वर प्रथिन लागतं, गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर आणखी. म्हणजे एका रात्रीच्या समान वाट्यानं दिवसाची जवळपास एक तृतीयांश गरज भागते. पण वाटा समान पडतो का? आधी पुरुष, मग लेकरं, आणि शेवटी भांडं पुसून खाणारी बाई. तिच्या ताटात रस्सा आणि एखादी नळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण शेवटी जेवणं आणि उरलेलं जेवणं हेही त्यातलं एक आहे, असं माझं इतक्या वर्षांचं पाहणं सांगतं. फोडी भांड्यातच मोजा आणि वाढायच्या आधी प्रत्येकाची वाटी भरून ठेवा. स्वयंपाक करणारीचीसुद्धा.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर काळजाचं बोलू. कोंबडीच्या साध्या मांसात लोह फारसं नसतं, १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपास. काळजात त्याच्या कितीतरी पट असतं, आठ-नऊ मिलिग्रॅमपर्यंत. शिवाय मांसाहारातलं लोह अंगाला पालेभाजीतल्यापेक्षा चांगलं लागतं. आपल्याच जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या चुलीची नोंद केली, २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं. ते वाचताना जाणवतं की ज्या भागांना इतरांनी नाकं मुरडली, ते आपल्या आजी-पणजीनं नाइलाजानं का होईना पण वाया न घालवता रांधले. आता हातात चार पैसे आले, आणि आपणच दुकानदाराला सांगतो, काळीज-पेटी नको, बिनहाडाचं द्या. ती गरिबीची खूण वाटते. ज्याला जे आवडेल ते त्यानं खावं, पण लाजेपोटी काळीज टाकू नये. ते बारीक चिरून शेवटच्या पाच मिनिटांत अळणीत शिजवा, आतला लाल रंग पूर्ण जाऊ द्या. आठवड्यातून एकदा पुरे. गरोदर बाईनं मात्र काळीज खाऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते पोटातल्या बाळाला बाधू शकतं. तिनं लोहाच्या गोळ्या आणि साध्या फोडी घ्याव्यात. जेवण झाल्या झाल्या चहाही नको, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. लिंबू पिळायला सांगितलं ते नुसत्या चवीसाठी नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

सहा महिन्यांवरच्या बाळालाही कोंबडी चालते. २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना अंडी, मांस किंवा मासे रोज द्यावेत असं म्हटलंय. पण बाळाला पातळ पाणी पाजत बसू नका, त्यानं पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. मऊ शिजलेली फोड हाडावरून सोडवा, बोटांनी चाचपून एकही काडी राहिली नाही ना पाहा, मग खलबत्त्यात ठेचून शेवयांत मिसळा. चमच्यावरून न ओघळणारं, इतपत घट्ट हवं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मीठ न घातलेलं वेगळं शिजवा.

क्षयाच्या रोग्यासाठी तर फोडीचं महत्त्व औषधाच्या खालोखाल समजा. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा देऊन पाहिला. २०२३ मध्ये निकाल आला. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला महिना १००० रुपये देण्याचं ठरलं आहे. ते पैसे खात्यावर येतात, तेव्हा खातं जोडलंय की नाही हे आशाताईकडून तपासून घ्या. आणि त्या पैशाची कोंबडी आणली, अंडी आणली, तर पहिली वाटी रोग्याची.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी मीठ निम्म्यावर आणा, लिंबानं चव भागते. मधुमेह असेल तर शेवया कमी, फोडी आणि पाला जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्रथिन खायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, तिथे सगळ्यांचा नियम लागू होत नाही.

उरलेली अळणी रात्रभर ओट्यावर ठेवू नका, हिवाळा असला तरी. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी. फ्रिज नसेल तर मोजकीच करा आणि संपवा. दुसऱ्या दिवशी खायची तर खळखळून उकळूनच.

त्या आजीचं काय झालं ते राहिलंच. सुनेला मी एवढंच सांगितलं की फोडी हाडावरून सोडवायच्या, खलबत्त्यात ठेचायच्या आणि शेवयांत मुरवायच्या, दातांचं काम खलबत्ता करील. पहिल्या दिवशी आजीनं वाटी पुढे सरकवली, लेकरांना द्या म्हणाली. नातू म्हणाला, "आज्जे, माझी वाटी भरली आहे, ही तुझीच हाय." तेव्हा खाल्लं. पुढच्या बुधवारी मी गेले तर आजी चुलीपाशी बसून लसूण सोलत होती, आणि येसूर जास्त झालाय म्हणून सुनेवर कुरकुरत होती.